उलट विडा आणि पेठेच्या तीन बारवा

श्री. प्रथम भयास दंडवत, कारण त्या सालात या राज्यात दुसरे कोणतेही दैवत जागे नव्हते. मग सत्यास दंडवत, ते जेथे दडून बसले असेल तेथे. शके सोळाशे सदुसष्ट, क्रोधन नाम संवत्सर, वैशाख मास, आणि ऊन ऐसे की दगडास हात लाविला तर चटका बसून हात मागे यावा. त्या सालात जे घडले ते लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकिले, तेच लिहितो, पदरचे घालीत नाही. राज्याचे नाव मात्र विचारू नये. नाव सांगितले की ठिकाण कळते, ठिकाण कळले की लिहिणारा कळतो, आणि लिहिणारास मान एकच आहे, ती त्यास फार प्यारी आहे. डोंगरावर कोट होता, कोटात महाराजांचा मुक्काम आणि गोड्या पाण्याचे तळे होते, कोटाखाली पेठ होती, आणि पेठेस पाणी प्यावयास तीन बारवा होत्या, म्हणजे पायऱ्या उतरून जावयाच्या मोठ्या विहिरी. इतके समजले म्हणजे पुरे.

त्या राज्यात वाडवडिलांपासून एक चाल होती. कोणताही हुकूम निघावयाचा तर तो आधी भरदरबारात वाचावा, आणि शिक्का उठण्यापूर्वी सिंहासनाच्या पायरीपाशी पितळेच्या तबकात एक विडा मांडावा. त्यास उलट विडा म्हणत. इतर राज्यांत विडा उचलतात तो काम अंगावर घेण्यास. येथे हा विडा उचलावा तो धन्यास "हे काम नको" म्हणण्यास. सरदार असो की कारकून असो, ज्यास हुकूम पटत नसेल त्याने पुढे यावे, मुजरा करावा, विडा मस्तकी लावून तोंडात घालावा आणि बोलावे. आणि विडा जोवर तोंडात आहे तोवर त्यास कोणी अडवू नये, हात लावू नये, खुद्द महाराजांनीही मध्ये बोलू नये. बोलणाराने शिवीगाळ करू नये, धन्याचा मान सोडू नये. विडा संपला म्हणजे महाराजांनी "ऐकिले" इतके म्हणावे, आणि मग जो हुकूम करावयाचा तो करावा, आणि तो विडा खाणारानेही मानावा. थोरल्या महाराजांच्या वेळेस एकेका दिवशी दोन दोन विडे खाल्ले जात, तावातावाने बोलणी होत, आणि मग बोलणारे आणि ऐकणारे एका पंक्तीस बसून जेवीत. ते दिवस आता सांगितले तर कोणास खरे वाटू नये.

पुढे काय जाहले की, आदल्या फाल्गुनात सरहद्दीकडून वार्ता आली, गनीम येतो. कोणी आणिली ते ठाऊक नाही. गनिमाचे तोंड कोणी पाहिले नव्हते, परंतु त्याच्या घोड्यांचा रंग सर्वांस ठाऊक होता. मग महाराजांनी हुकूम काढिला की दिवेलागणीस पेठेत दिवा लावू नये, उजेड पाहून गनीम चालून येईल. तेव्हा बहिरोपंत सबनीस, वयाने वडील, बोलण्यास चोख, त्यांनी उलट विडा उचलिला आणि बोलिले, "महाराज, दिवे विझविल्याने गनीम आंधळा होत नाही, आपण होतो. बाळंतिणीच्या खोलीत तरी दिवा असू द्यावा." महाराजांनी सारे ऐकिले, "ऐकिले" म्हणाले, आणि मुद्रा काळवंडून तसेच उठून आत गेले. दुसऱ्या सकाळी पाहतात तो बहिरोपंतांचे घर सताड उघडे, आत माणूस नाही, काणूस नाही. कोणी म्हणे तळघरात टाकिले, कोणी म्हणे कड्यावरून लोटिले. निराजीपंत दिवाण, राज्याचे कर्तेधर्ते, त्यांस कोणी हळूच विचारिले तर त्यांनी डोळे मिटून कानाच्या पाळीस हात लाविला आणि म्हणाले, "ते विचारू नये." बस, इतक्यात साऱ्या दरबाराच्या पाचावर धारण बसली.

तेथून पुढे विड्यास कोणी शिवेना. मग हुकूम निघाला की कुत्रे मारावे, भुंकण्यावरून गनिमास गाव सापडेल. दरबार म्हणाला योग्य. मग हुकूम निघाला की रस्त्याची आंब्याची झाडे तोडावी, गनिमास सावली मिळू नये. दरबार म्हणाला योग्य, योग्य. मग बाजार बंद, देवळाची घंटा उतरविली, आणि दरबार योग्य म्हणता म्हणता घसा बसवून घेऊ लागला. पेठेत अंधार, आणि त्या अंधारात कुत्रे नाही. अहो, कुत्रे भुंकत नाही ऐसे गाव कधी ऐकिले आहे काय? त्या शांततेत पान पडले तरी माणूस दचकून उठे आणि बायकोपोरांस भिंतीशी घेऊन बसे. दरबारातला विडा रोज तबकात वाळे आणि हुजऱ्या तो उकिरड्यावर टाकी. उकिरड्यावरची शेळी तेवढी त्या राज्यात निर्भय राहिली होती. आणि तबकाशेजारची बैठकदेखील नकोशी जाहली. आज एकजण हातभर सरके, उद्या दुसरा, ऐसे करीत करीत सारे सरदार भिंतीकडे दाटून बसू लागले, आणि जो उशिरा येई त्याच्या वाट्यास तबकाशेजारची गादी येई. माणसे पहाटेपासून येऊन भिंती धरू लागली.

या दरबारात सटवोजी नाईक म्हणून कोठीचे सरदार होते, धान्याची कोठारे त्यांच्या हाती. देह थोर, आवाज लहान. जन्मात दरबारी "जी" याखेरीज शब्द बोलिले नव्हते. निराजीपंत दिवाण त्यांस चारचौघांत "कोठीतले पोते" म्हणत आणि दरबार हसे, आणि नाईकही हसत, कारण न हसून जातील कोठे. व्यसन म्हटले तर एकच, पान. पानाचा डबा उशापायथ्याशी, बोलताना पान, चालताना पान, आणि जीव घाबरला की दोन पाने. त्यांचे कुटुंब चिमाबाई, मोठी खमकी. वैशाखातल्या त्या सकाळी नाईक पागोटे बांधीत होते तेव्हा म्हणाली, "अहो, ऐकलं का? आज म्हणे पेठेच्या पाण्यावर काहीतरी हुकूम आहे. तुम्ही गप बसा हं. बहिरोपंतांची बायको माझ्याकडून मेथ्या उसन्या घेऊन गेली ती आजतागायत दिसली नाही. मला ती मेथी नको, पण तुम्ही घरी या." नाईक म्हणाले, "मी कधी बोललो आहे का?" ती म्हणाली, "नाही बोललात. म्हणून तर अजून जेवायला घरी येता."

नाईक निघाले, आणि कोटाच्या दरवाजाशी येतात तो तेथे पेठेच्या बायका दाटल्या होत्या, डोईवर रिकामे हंडे, आणि पहारेकरी भाले आडवे धरून उभे. बायका ओरडत नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरे होते. नुसत्या उभ्या होत्या आणि पाहत होत्या, आणि एक म्हातारी नाईकांच्या अंगरख्याचे टोक धरून म्हणाली, "सरदार, बेलदार आल्यात. पाटीफावडी घेऊन बारवेकडं चालल्यात. काय करणार हायती?" नाईक म्हणाले, "काही नाही, म्हातारे, गाळ काढणार असतील," आणि अंगरखा सोडवून घेऊन चढण चढू लागले, आणि त्या घोळक्यातून वाट काढीतो उशीर जाहला. दरबारात शिरतात तो भिंती भरलेल्या, माणसावर माणूस, आणि मोकळी गादी एकच, पितळी तबकाच्या शेजारची. महाराज येऊन बसले होते, उभे राहणे शोभत नव्हते. नाईक जाऊन बसले आणि तबकाकडे पाठ करावी तर सिंहासनाकडे पाठ होते, म्हणून तसेच अवघडून बसले.

मग निराजीपंतांनी हुकूम वाचिला की, गनीम आला असता त्यास पाणी मिळू नये, तहानेने व्याकुळ होऊन त्याने माघारी जावे, सबब पेठेच्या तिन्ही बारवा दगडमातीने बुजवून टाकाव्या; कोटाचे दरवाजे आतून बंद राहतील; पेठेच्या लोकांनी आपली सोय आपण पाहावी. वाचून संपले. सर्वांस ठाऊक होते की आसपास कोसा-दोन कोसांत दुसरे पाणी नाही. सर्वांच्या मनी एकच की, आता कोणी बोलेल तर बरे, आणि तो कोणी आपण नसलो तर फार बरे. मग भिंतीकडून "योग्य" ऐसा एक आवाज आला, मग दुसरा, मग घोळका. नाईकांच्या डोळ्यांपुढे ते रिकामे हंडे उभे राहिले. आयुष्यभर जीव घाबरला की जो हात पानाच्या डब्याकडे जात असे तो हात, नाईकांस न विचारता, बाजूस गेला, हाताशी विडा लागला, आणि नाईकांनी तो तोंडात घातला.

लवंग दाताखाली फुटली तेव्हा नाईकांस कळले की हे आपले घर नव्हे.

काय सांगावे! योग्य म्हणणारांची तोंडे तशीच उघडी राहिली. महाराजांचे शिक्का घेतलेले बोट थबकले. निराजीपंत हुकूम हातात धरून पाहू लागले, जसे कोठारातले पोते उठून बोलू लागावे. नाईक उभे राहिले, कारण बसवेना. मुजरा केला तो इतका खाली गेला की पागोटे सुटावयास आले. विडा थुंकावा तर दरबारात थुंकणे हा गुन्हा; गिळावा तर विडा संपला, आणि विडा संपला की मान उघडी. तेव्हा नाईकांनी विडा डाव्या गालात दाबून धरिला, आणि ठरविले की हा जितका पुरेल तितका पुरवावा, आणि तोवर बोलत राहावे. मग महाराजांच्या पराक्रमाची स्तुती केली. मग थोरल्या महाराजांची केली. मग आईसाहेबांची, मग राजहत्तीची केली, आणि स्तुती करण्याजोगे जे जे होते ते सारे संपले, आणि विडा अजून गालात होता. लाल ओघळ हनुवटीवर आला. आता बोलावयास खरे तेवढेच शिल्लक राहिले होते.

मग नाईक बोलिले, आवाज लहानच. "महाराज, मी भित्रा माणूस आहे. हा विडा मी उचलला नाही, माझ्या हाताने उचलला. पण आता तोंडात आहे तर सांगतो. गनीम आला तर तो स्वार आहे, पाणी नाही पाहून चार कोस पुढे जाईल. पेठ कोठे जाईल? तिला पाय आहेत ते म्हाताऱ्यांचे आणि लेकरांचे. बारवा बुजवू नयेत. फळ्या टाकून ठेवाव्या, पहारा बसवावा, दगडांचे ढीग काठावर रचून ठेवावे. गनीम खरोखर डोळ्यांनी दिसला तर मी स्वतः पाटी उचलीन. बुजविणे आज केले काय आणि त्या दिवशी केले काय, एकच आहे. पण बुजविलेले उकरायला उन्हाळा संपेल, आणि उन्हाळा संपेतो माणसे संपतील. हे झाले पाण्याचे. आणि महाराज," येथे नाईकांनी विडा गालात चाचपून पाहिला, थोडाच उरला होता, "अपराध पोटात घालावा, पण येथे बसलेला एकही माणूस गनिमास भीत नाही. आम्ही आपणांस भितो. बहिरोपंत गेले त्या दिवसापासून भितो. कुत्रे मारले तेव्हा माझा कुत्रा मीच मारला, भिऊन मारला, आणि योग्य म्हणालो. ते योग्य नव्हते. आम्ही समजलो, महाराजांस गुप्त बातमी असेल, म्हणून गप्प राहिलो." इतके बोलून दुसरा मुजरा केला, आणि त्या मुजऱ्यात विडा आपोआप गिळला गेला.

महाराजांनी "ऐकिले" म्हणावे अशी रीत. महाराज म्हणेनात. ज्यांनी नाईकांच्या शेजारी जेवणे केली होती ते लोक आता त्यांच्याकडे अनोळख्यासारखे पाहत होते. मग महाराज हळूच म्हणाले, "आम्हांस गुप्त बातमी? नाईक, आम्हांस कसलीही बातमी नाही. दिव्यांचा हुकूम आम्ही नुसता विचारून पाहावा म्हणून काढिला होता. बहिरोपंत बोलिले, ते आम्हांस पटले, बोचले, म्हणून आत गेलो, की सकाळी हुकूम मागे घेऊ. सकाळी ऐकतो तो बहिरोपंत पसार. आम्ही समजलो, गनिमास मिळाले, म्हणजे गनीम अगदी दाराशी आला. मग कुत्र्यांचा हुकूम काढिला, तुम्ही सारे योग्य म्हणालात. झाडांचा काढिला, योग्य म्हणालात. आम्ही समजलो, यांच्या हेरांनी काही पाहिले आहे, म्हणून हे इतके राजी. तुम्ही जितके राजी, तितकी आमची झोप उडाली." आणि हे बोलताना महाराजांचा आवाज कापत होता, तो साऱ्यांनी ऐकिला, आणि ऐकून अंगावर काटा आला, कारण धनी दरडावतो तेव्हा एक भय वाटते आणि धनीच भ्याला आहे हे कळते तेव्हा दुसरेच वाटते.

नाईक म्हणाले, "म्हणजे बहिरोपंतांस आपण... कड्यावरून..." महाराज म्हणाले, "आम्ही? कोण म्हणतो?" आणि मग सारे डोळे फिरले ते निराजीपंत दिवाणांकडे. महाराजांनी विचारिले तेव्हा त्यांनी लपविले नाही, ते त्यांच्या नावे लिहितो. म्हणाले, "स्वामी, त्या सकाळी मी बहिरोपंतांच्या घरी गेलो होतो. शेजारणीने सांगितले की महाराजांची मुद्रा पाहून ते घाबरले आणि पोरेबाळे गाडीत घालून घाटाखाली सासुरवाडीस गेले. तेथेच आहेत, सुखरूप आहेत." महाराज म्हणाले, "मग आम्हांस का सांगितले नाही? यांस का सांगितले नाही?" निराजीपंत म्हणाले, "दरबार शांत चालत होता, स्वामी. वाद नाही, कटकट नाही. हुकूम वाचला की दुपारच्या आत काम पुरे. मला वाटले, हेच बरे."

"आणि बारवा?" महाराजांनी विचारिले. "शिक्का अजून आमच्या हातात आहे. तो उठलेला नाही." निराजीपंतांनी हातातला हुकूम गुंडाळून ठेविला. मग म्हणाले, "बेलदार सूर्योदयासच लाविले आहेत, स्वामी. एक बारव एव्हाना बुजली असेल." महाराज ओरडले, "हुकूम नसता?" आणि निराजीपंत अगदी साधेपणाने म्हणाले, "स्वामी, विडा कोण उचलणार होता?"

मग स्वार सुटले, तळपत्या उन्हात घोडे फेकीत गेले, आणि दोन बारवांवरचे काम थांबविले. दुसऱ्या बारवेच्या निम्म्या पायऱ्या मातीखाली गेल्या होत्या. पहिली पुरती गेली. स्वार सांगत आला की बायका त्या ढिगाऱ्यावर बसून हातांनी दगड काढीत आहेत आणि उठवल्या तरी उठत नाहीत. हे ऐकून महाराजांच्या मस्तकात तिडीक उठली. इतक्या महिन्यांचे भय, न झोपलेल्या रात्री, मारलेले कुत्रे, सारे एका जागी येऊन राग जाहला, आणि त्या रागास समोर एकच माणूस सापडला. महाराजांनी जागच्या जागी हुकूम केला की, निराजीपंतांचा आजच, दिवस मावळण्याच्या आत, कडेलोट करावा. आणि दरबार, जो घटकेपूर्वी भिंतीस चिकटून होता, तो पुढे सरसावून गर्जला, "योग्य! योग्य!" इतक्या मोठ्याने तर त्यांनी बारवा बुजविण्यासही योग्य म्हटले नव्हते. निराजीपंत मटकन खाली बसले. त्यांच्या धोतराचा सोगा त्यांच्याच पायाखाली आला होता, तोही त्यांस काढता येईना.

हुकूम म्हटला की विडा मांडावयाचाच. हुजऱ्याने नवा विडा तबकात ठेविला आणि पळाला. आरोपीस विडा उचलण्याचा अधिकार नाही, हे निराजीपंतांस ठाऊक होते. त्यांनीच ते कलम लिहिले होते. ते नुसते विड्याकडे पाहू लागले. बाकी साऱ्यांनी नजर फिरविली. सटवोजी नाईकही आधी फिरवून उभे राहिले. का न फिरवावी? पोते म्हणून हसणारा हाच. पेठेस तहानेने मारणारा हाच. शिवाय एकदा चुकून वाचलो, पुन्हा कोण वाचवितो? घरी चिमाबाई ताट वाढून बसली असेल. या खेपेस हात आपोआप गेला नाही. या खेपेस नाईकांस तो उचलावा लागला, आणि तो हात भरल्या पोत्याहून जड होता. तरी उचलिला. विडा मस्तकी लाविला आणि तोंडात घातला.

महाराजांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. दरबारात कोणीतरी "अगाई" म्हटले. नाईक बोलिले, "महाराज, या माणसाचा मला मनस्वी राग आहे. याने वीस माणसांत माझे हसे केले, ते मी विसरलो नाही. याची दिवाणी काढावी, याचे घरदार जप्त करावे, मी योग्य म्हणेन आणि मनापासून म्हणेन. पण कडेलोट करू नये. याने आज खरे सांगितले. विचारले तेव्हा लपविले नाही. खरे सांगणारा आज कड्यावरून गेला तर उद्या ज्याच्या हातून चूक होईल तो ती पुरून ठेवील, आणि आपणांस पुन्हा काही कळणार नाही. आणि दुसरे एक. आत्ता हे जे योग्य, योग्य झाले, ते मी कान देऊन ऐकले. कुत्र्यांच्या वेळेस हाच आवाज होता, महाराज. यांस पंत वाईट वाटत नाहीत. हे अजून भ्यालेलेच आहेत."

इतके बोलून नाईकांनी मुजरा केला, आणि सर्वांदेखत उरलेला विडा चावून गिळून टाकिला, आणि तोंड उघडून दाखविले की आत काही नाही.

महाराज पायरी उतरून खाली आले. तलवारीची मूठ सोडिली नव्हती. इतके जवळ येऊन उभे राहिले की नाईकांस त्यांच्या श्वासाचा गरम वारा लागला. म्हणाले, "विडा संपला, नाईक. आता मान उघडी आहे." नाईक म्हणाले, "आहे, महाराज." महाराज म्हणाले, "आणि आम्ही तरीही कडेलोट केला तर?" नाईकांनी पुन्हा मुजरा केला. म्हणाले, "तर हुकूम आपला. मी आडवा येणार नाही, बाहेर जाऊन आपली निंदाही करणार नाही. पण पुढला हुकूम न पटणारा असेल तर पुन्हा विडा उचलीन. मान राहिली तर." महाराजांनी तलवारीची मूठ सोडिली. मग म्हणाले, "ऐकिले." आणि तो शब्द ऐकताच साऱ्या दरबाराने डोळे मिटले, कारण बहिरोपंतांपासून त्या शब्दाची त्यांनी धास्ती घेतली होती. डोळे उघडले तो महाराज सिंहासनावर परत जाऊन बसले होते, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडला होता, थकलेल्या माणसाचा पडतो तसा.

मग निकाल जाहला तो येणेप्रमाणे. निराजीपंतांची दिवाणी काढिली; पहिली बारव उकरून पाणी लागेपर्यंत त्यांनी बेलदारांबरोबर पाटी वाहावी, आणि पंतांनी वाहिली. दिव्यांचा, बाजाराचा, घंटेचा हुकूम मागे घेतला. बहिरोपंतांस घाटाखालून बोलावणे पाठविले. त्यांनी निरोप पाठविला की येतो, पण आधी महाराजांची मुद्रा कशी आहे ते कळवावे. कोटाचा दरवाजा उघडून तळ्याचे पाणी पेठेस दिले. तरी पहिल्या बारवेस पाणी लागावयास आषाढ उजाडला, आणि त्या अवधीत जी म्हातारी माणसे उन्हाने गेली ती गेली, त्यांस कोणताही हुकूम परत आणू शकला नाही. नाईक त्या दिवशी घरी गेले तेव्हा चिमाबाई दारातच उभी होती. म्हणाली, "बोललात ना? सगळी पेठ सांगतीय." नाईक म्हणाले, "दोनदा." ती उंबऱ्यावर मटकन बसली आणि आधी रडली, मग भांडली, मग जेवायला वाढिले.

येणेप्रमाणे हकीकत. गनीम आजतागायत आला नाही. येईलही, त्याचे सांगता येत नाही. भय म्हणाल तर तेही गेले नाही, विडा उचलणाराचे हात अजून कापतात. परंतु जे हुकूम निघतात ते चार माणसांनी ओढून ताणून, मानाने आणि मुजऱ्यासहित नाकारून, मग निघतात, आणि निघाल्यावर विडा खाणाराही त्यांची पाटी वाहतो. आणि ज्या दिवशी तबकातला विडा कोणीच उचलीत नाही त्या दिवशी महाराज शिक्का मारीत नाहीत. म्हणतात, "आज सारे भ्याले आहेत. उद्या पाहू." लिहिणाराचा दंडवत.